भाकरी सोडावी की मोजावी?

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दुपारच्या पंगतीत माझ्या शेजारी आमचा एक जुना विद्यार्थी बसला होता. चाळिशी ओलांडलेला, एका कार्यालयात लिपिक. वाढणाऱ्या मुलाने भाकरी पुढे करताच त्याने ताटावर हात आडवा धरला. भातालाही नकार दिला. "बाई, भाकरी, पोळी, भात सगळं बंद केलंय. महिन्यात पाच किलो उतरलं," असे त्याने अभिमानाने सांगितले. मलाही त्याच्या निग्रहाचे कौतुक वाटले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याच्या पत्नीचा दूरध्वनी आला. सकाळी बसथांब्यावर उभा असताना त्याला दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले आणि तो खाली बसला तो उठेचना. त्याला मधुमेह होता व साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू होत्या. ताटातील भाकरी-भात गेला, परंतु गोळ्यांची मात्रा तीच राहिली. त्यामुळे रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली गेली. तो शुद्धीवर होता म्हणून शेजारच्या चहावाल्याला त्यास साखरेचे पाणी पाजता आले आणि प्रसंग निभावला.

बरा झाल्यावर तो घरी आला आणि त्याने सरळ प्रश्न केला, "बाई, हा आहार चांगला की वाईट? वजन तर खरंच उतरलं होतं. मग आता खायचं तरी काय?" त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. मी इतिहासाची शिक्षिका आहे, वैद्यकशास्त्राची नव्हे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक सवय असते. कोणताही दावा समोर आला की तो कोणी केला, केव्हा केला, कोणासाठी केला आणि त्याला पुरावा काय, हे तो आधी विचारतो. त्या सवयीने मी वाचू लागले. जे हाती आले ते स्मरणिकेच्या निमित्ताने आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे, कारण हा प्रश्न त्या एका विद्यार्थ्याचा राहिलेला नाही.

दाव्याचा इतिहास

धान्य, साखर, बटाटे यांसारखे पदार्थ, म्हणजेच कर्बोदके कमी करून वजन उतरवावे, हा विचार आजचा नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत. १८६२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. वाकून बुटाची नाडी बांधणेही त्यांना जमत नसे. डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्यावरून त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडले. वर्षभरात सुमारे २० किलो वजन उतरले. १८६३ साली त्यांनी आपला अनुभव एका पुस्तिकेत छापला आणि ती इतकी गाजली की त्यांचे आडनाव हेच त्या आहाराचे नाव बनले.

पुढे १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अत्यल्प कर्बोदके व भरपूर स्निग्ध पदार्थ असलेला 'कीटोजेनिक' आहार सुचवला. तो वजनासाठी नव्हता. अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या रुग्णांसाठी होता. आज ज्याला लोक 'कीटो' म्हणतात त्याचे मूळ रुग्णोपचारात आहे. त्यानंतर १९७२ साली डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि कर्बोदके टाळून वजन घटवण्याची लाट अमेरिकाभर पसरली.

त्याच १९७२ साली महाराष्ट्र काय खात होता? दुष्काळ पडला होता. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. आई खडी फोडण्याच्या कामावर जाई. तेथे मिळालेली सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी यांच्या आठवणी तिच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकल्या. या विद्यालयात पाल्याला धाडणाऱ्या पहिल्या पिढीतील बहुतेक पालकांच्या आठवणी याहून वेगळ्या नसाव्यात. ज्या वर्षी खाऊन तृप्त झालेल्या समाजाला 'पाव सोडा' असा सल्ला मिळत होता, त्याच वर्षी आपली माणसे अर्ध्या भाकरीसाठी उन्हात दगड फोडीत होती. आपल्या भाषेत तर 'भाकरी' म्हणजे केवळ पदार्थ नव्हे. भाकरी म्हणजे उपजीविका.

यावरून तो सल्ला खोटा ठरत नाही. तथापि तो कोणत्या ताटासाठी दिला गेला होता, हे ध्यानात घ्यावे लागते. बँटिंग यांच्या ताटात पावाची जागा घ्यायला मांस आणि मासळी हजर होती. आपल्या ताटातून भाकरी उचलली तर तिच्या जागी काय येते, हा खरा प्रश्न आहे.

शरीरात काय घडते?

भाकरी, पोळी, भात, साबुदाणा, बटाटा, साखर यांतील कर्बोदकांचे पचनानंतर ग्लुकोज बनते. रक्तातील ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि त्याच्या साहाय्याने ते पेशींत जाते. लागेल तेवढे वापरले जाते, थोडे यकृतात व स्नायूंत 'ग्लायकोजेन' या रूपात साठते आणि त्याहून जास्तीचे शेवटी चरबीत जमा होते.

कर्बोदके एकदम कमी केली की शरीर प्रथम हा ग्लायकोजेनचा साठा वापरते. हा साठा सुमारे अर्धा किलो असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. साठा संपला की ते पाणीही निघून जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो. माणूस हरखून जातो, परंतु त्यातील मोठा भाग चरबीचा नसून पाण्याचा असतो. दोन दिवस पूर्ववत जेवण झाले की तेवढे वजन परत येते, आणि मग तोच माणूस निराश होतो. हे आधी ठाऊक असेल तर आनंद आणि निराशा दोन्ही आवरता येतात.

कर्बोदके दिवसाला २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली आणली तर यकृत चरबीपासून 'कीटोन' नावाचे पदार्थ तयार करते व मेंदू काही अंशी त्यांवर चालतो. या अवस्थेत अनेकांची भूक मंदावते. प्रथिने अधिक असली तरीही पोट लवकर भरते. भूक कमी, म्हणून खाणे कमी, म्हणून वजन कमी. त्यात जादू नाही. वजन उतरते ते मुख्यतः एकूण उष्मांक घटल्यामुळेच.

प्रयोग काय सांगतात?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०९ प्रौढांवर केलेला वर्षभराचा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, अर्ध्यांनी कर्बोदके. दोन्ही गटांना साखर व मैदा टाळण्यास आणि भाज्या भरपूर खाण्यास सांगितले होते. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो. हा फरक शास्त्रीयदृष्ट्या नगण्य ठरला. मात्र प्रत्येक गटाच्या आत प्रचंड तफावत होती. काहींचे वजन खूपच उतरले, तर काहींचे चक्क वाढले. म्हणजे आहाराच्या नावापेक्षा तो कोणाला किती काळ निभावता आला, हे अधिक महत्त्वाचे.

मधुमेहाच्या रुग्णांवरील प्रयोगांचे एकत्रित निष्कर्ष असे की, कर्बोदके कमी केल्यास पहिल्या सहा महिन्यांत साखर व वजन यांवर चांगला परिणाम दिसतो. वर्षभरात इतर आहारांच्या तुलनेतील हा फरक ओसरत जातो.

दीर्घ आयुष्याचे काय? २०१८ सालीच 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिकेतील पंधरा हजारांहून अधिक मध्यमवयीन लोकांची सुमारे २५ वर्षांची माहिती त्यात तपासली होती. एकूण उष्मांकांपैकी ५० ते ५५ टक्के कर्बोदकांतून घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी दिसले. ४० टक्क्यांहून कमी आणि ७० टक्क्यांहून अधिक, अशा दोन्ही टोकांना ते वाढलेले होते. शिवाय कर्बोदकांच्या जागी प्राणिज पदार्थ आले तेथे धोका अधिक आणि डाळी, शेंगदाणे यांसारखे वनस्पतिजन्य पदार्थ आले तेथे तो कमी आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्यामुळे त्यातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. परंतु दोन्ही टोके सांभाळून असावे, एवढे त्यातून निश्चित घ्यावे.

आपले शरीर, आपले ताट

आता हा विषय आपल्या घरी आणू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार, जिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीच्या पुढील विश्लेषणात असे दिसले की, भारतीय माणूस आपल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून घेतो आणि त्यांत पांढरा तांदूळ, दळलेले धान्य व साखर यांचाच भरणा असतो. प्रथिने मात्र तोकडी पडतात.

आपल्या शरीराचीही एक गोष्ट आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बालकांची मापे घेऊन ती इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी ताडून पाहिली. आपली बालके सरासरी २.७ किलोची, तेथील ३.५ किलोची. आपल्या बालकांचे स्नायू व अवयव लहान होते, परंतु त्या मानाने चरबी टिकून होती. बारीक दिसणाऱ्या देहातही चरबी अधिक, हे आपले वैशिष्ट्य. म्हणूनच आशियाई लोकांसाठी वजन व उंची यांच्या गुणोत्तराची, म्हणजे बीएमआयची, २३ ही मर्यादा ओलांडली की सावध व्हावे असे सांगितले जाते. पोटाचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा.

पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या मातांच्या पोटी आपण जन्मलो. शिक्षणाने आपल्याला दगड फोडण्यापासून सोडवून खुर्चीवर बसवले, ही मोठी कमाई आहे. परंतु आईच्या श्रमाला साजेशा चार भाकरी आपण खुर्चीवर बसूनही खात राहिलो. त्याला दिवसभराचा चहा आणि बिस्किटे जोडली गेली. हिशेब येथे चुकला.

दीड भाकरीचा हिशेब

हा हिशेब कागदावर मांडून पाहू. दिवसाला २००० उष्मांक खाणारा प्रौढ माणूस धरू. कर्बोदकाच्या एका ग्रॅममधून चार उष्मांक मिळतात. ६२ टक्के म्हणजे १२४० उष्मांक, अर्थात ३१० ग्रॅम कर्बोदके. ती ५० टक्क्यांवर आणायची तर २५० ग्रॅम. फरक ६० ग्रॅमचा. सुमारे ६० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत साधारण ४० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे हा फरक दीड भाकरीचा झाला.

दुसरीकडे चहाचा हिशेब पाहा. दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाला चार कप चहा घेणारा माणूस ४० ग्रॅम साखर पितो. एक भाकरी ताटात न येताच पोटात गेली, आणि तीही प्रथिने, तंतू, लोह यांपैकी काहीही न देता! कमी करण्यास सुरुवात कोठून करावी, हे यावरून उघड होते. आधी साखर, मग बिस्किटे, फरसाण, मैद्याचा पाव, आणि शेवटी भात-भाकरीची संख्या.

आता काटेकोर कीटो आहार आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहा. दिवसाची मर्यादा ५० ग्रॅमची. एक भाकरी ४० ग्रॅम आणि एक वाटी घट्ट वरण सुमारे १७ ग्रॅम. एवढ्यानेच मर्यादा ओलांडली. म्हणजे या आहारात भाकरीबरोबर तूर, मूग, मटकी, हरभराही ताटाबाहेर जातात. आपल्यापैकी बहुतेकांना रोजची प्रथिने याच डाळी-उसळींतून मिळतात. त्यांच्या जागी बदामाचे पीठ व चीज आणणे किती घरांना परवडेल? वजन घटवण्याच्या नावाखाली प्रथिने घटली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

याउलट मध्यम मार्गाने कर्बोदके कमी करणे आपल्या आवाक्यातले आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तृणधान्यांतून ४५ टक्क्यांपर्यंतच उष्मांक यावेत आणि डाळी, अंडी, मांस-मासळी यांतून सुमारे १४ ते १५ टक्के. भाज्या व फळांनी अर्धे ताट भरावे. आपल्या भाषेत सांगायचे तर भाकरी चारांवरून अडीचवर, आमटी पातळ पाण्यासारखी न करता घट्ट, रोज एक वाटी मोडाची उसळ, एखादे-दुसरे अंडे, मिळेल तेव्हा मासळी, सुकट किंवा कोंबडी आणि पालेभाजी दुप्पट. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. गरिबाच्या ताटातील सुकट, बोंबील यांना ज्यांनी कमी लेखले त्यांनी पोषणशास्त्र वाचलेले नव्हते. मात्र भाकरीच्या जागी तळलेले शेंगदाणे मूठ-मूठ खाल्ले तर उष्मांक तेवढेच राहतील, कारण स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये नऊ उष्मांक असतात.

आणखी एक गैरसमज दूर करावा. 'ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते' हे खरे नाही. ज्वारीत गव्हाइतकीच कर्बोदके असतात. ज्वारी-बाजरीतील तंतूंमुळे त्या मैद्याहून निश्चित सरस, तथापि मोजमाप त्यांनाही लागू आहे.

कोणी स्वतःहून हा मार्ग धरू नये?

इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कर्बोदके एकदम कमी करू नयेत. आहार बदलला की औषधाची मात्रा बदलावी लागते. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना कीटो आहार घेतल्यास रक्तात आम्ल साचण्याचा जीवघेणा धोका संभवतो. म्हणून आपली गोळी कोणत्या प्रकारची आहे, हे विचारून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने मनाने वाढवू नयेत. गरोदर व स्तनदा मातांनी हा प्रयोग करू नये.

आणि पालकांना विशेष विनंती. वाढत्या वयाच्या मुलामुलींना असा आहार लादू नका. वसतिगृहातील मुलगा दिवसभर धावतो, शिकतो, वाढतो. त्याला भाकरी हवीच. मुलींच्या बाबतीत तर अधिक जपावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. 'जाड होशील' या धाकाने मुलीच्या ताटातील घास कमी करणे म्हणजे पुढच्या पिढीचे नुकसान करणे होय.

निर्णय कसा घ्यावा?

तेव्हा कमी कर्बोदकांचा आहार हा वजन घटवण्याचा आरोग्यदायी मार्ग आहे काय? माझे उत्तर असे की, मध्यम प्रमाणात, योग्य पर्याय ताटात आणून आणि औषधे तपासून तो अंगीकारल्यास होय. अत्यल्प कर्बोदकांचा कठोर आहार वैद्यकीय देखरेखीवाचून असेल तर नाही. आपल्यापुरते ठरवताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत. मी काय सोडणार आहे, साखर आणि मैदा की डाळ आणि भाजी? सोडलेल्याच्या जागी काय येणार आहे? माझे वय, आजार व औषधे यांना हे मानवेल काय? आणि हे जेवण मला घरच्यांबरोबर, माझ्या मिळकतीत, वर्षभर निभावता येईल काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या महिन्यातील पाच किलोंचा मोह धरू नये. ८० किलोच्या माणसाचे चार किलो वजन उतरून ते टिकले, तरी रक्तदाब व साखर यांवर चांगला परिणाम दिसू लागतो.

आपल्या परंपरेत याच विषयाची एक जुनी नोंद आहे. संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी भरपेट भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे येतो. भगवान त्याला मात्रा जाणून जेवण्याविषयी सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ते वचन पाठ करायला लावतो आणि रोज भोजनाच्या वेळी म्हणायला सांगतो. हळूहळू राजाचा आहार एका नाळीभर भातावर येतो व त्याची काया हलकी होते. राजाने भात सोडला असे ग्रंथ सांगत नाही. त्याने भात मोजला, हळूहळू मोजला आणि रोज आठवण करून देणारा माणूस जवळ ठेवला.

आमच्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले. डॉक्टरांनी त्याच्या गोळ्यांची मात्रा ठरवून दिली. चहातील साखर गेली. दोन्ही वेळ मिळून तीन भाकरी, रोज उसळ आणि संध्याकाळी पत्नीबरोबर चालणे, असा त्याचा क्रम आहे. वजन संथपणे उतरते आहे. सुदस्सनाचे काम त्याची दहा वर्षांची लेक करते. तिसऱ्या भाकरीनंतर ती ताटाकडे पाहते आणि म्हणते, "पप्पा, झालं." पुढच्या मेळाव्यात तो पंगतीला बसेल तेव्हा ताटावर हात आडवा धरणार नाही, अशी मला आशा आहे. तो एक भाकरी घेईल आणि तिची चव घेत जेवेल.